‘हे’ नावाचं फोल्डर

आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात एक काळा डबा आहे. पेढ्यांच्या अर्ध्या किलोच्या खोक्याएवढा. त्याला निळा दिवा आहे आणि तो दिवसरात्र लुकलुकतो. आमच्या मुलाने, विवेकने, तो हैदराबादहून आणून तिथे ठेवला, कारण प्लग तिथेच होता. दसऱ्याला मी विळी आणि खलबत्त्यासोबत त्यालाही हळदकुंकू लावलं. तेव्हापासून शेजारच्या सत्यभामाबाई आरतीला आल्या की आधी बाळकृष्णाला, मग अन्नपूर्णेला आणि मग डब्याला हात जोडतात. तो देव नाही हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"असू द्या ना ताई," त्या म्हणाल्या. "जळून तं राह्यला बिचारा रात्रंदिवस. आपण हात जोडले तं त्याचं काय जाते?"

इथे एक खुलासा करून ठेवते. माझं नाव रुख्मा आणि शेजारणीचं सत्यभामा, हा निव्वळ योगायोग आहे. त्यांच्या अंगणात पारिजातक आहे आणि त्याची फुलं भिंत ओलांडून आमच्या अंगणात पडतात, हेही खरं आहे. पण ते झाड त्यांच्या सुनेने गोंदियाच्या नर्सरीतून आणलं. पुराण घडवायचा कोणाचाच विचार नव्हता.

आता ह्यांचं नाव. ते मी घेत नाही. ते देवाचं नाव आहे आणि माझं नाव रुख्मा, तेव्हा ज्यांना अंदाज करायचा असेल त्यांनी करावा. आमचं लग्न जुळवणाऱ्यांनी नावं ऐकूनच सुपारी फोडली, पत्रिका नंतर पाहिली म्हणतात. लग्नात मी उखाणा घेतला, पण माझा आवाज मुळातच लहान. सासूबाईंनी बाजूच्या बाईला विचारलं, "घेतलं काय?" तिला माझी दया आली असावी. "घेतलं, घेतलं," म्हणून तिने मला सोडवलं. त्यानंतर मी ते नाव घेतलेलं नाही. भजनात ते आलं की मी तेवढ्यापुरते टाळ वाजवते. देवाला ही अडचण ठाऊक असणार, त्याने कधी तक्रार केली नाही.

त्या डब्यात ह्यांचा आवाज आहे.

सांगते. रोज वाराची कहाणी ऐकल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा माझा नेम आहे. सोमवारची शंकराची, मंगळवारची गौरीची, अशी. कहाणी ऐकायची असते, स्वतः वाचून चालत नाही, असं मला आईने सांगितलं होतं. तिरोडीला खाणीच्या कचेरीत हे नोकरीला होते तेव्हापासून हेच मला कहाणी वाचून दाखवायचे. आंघोळ करून, जेवणाच्या डब्याची पिशवी खुंटीवरून काढायच्या आधी. निवृत्तीनंतर बालाघाटला आलो तरी तेच. पाटावर बसले की पहिल्या ओळीआधी विचारायचे, "ऐकून राह्यली काय?"

मी म्हणायची, "हौ."

"ऐकू नाही आलं."

मी पुन्हा म्हणायची. मग हे चष्मा सारखा करत म्हणायचे, "बरं, म्हणलं असशीन," आणि सुरू करायचे. संसारभर हे असंच. मला मोठ्याने बोलता येत नव्हतं आणि ह्यांना विचारायचं सोडता येत नव्हतं.

पुढे ह्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं ठरलं. माझ्या नेमात खंड पडू नये म्हणून जायच्या आधी ह्यांनी सातही वारांच्या कहाण्या फोनमध्ये बोलून ठेवल्या. त्यातही सुरुवातीला विचारलं आहे, "ऐकून राह्यली काय?" मग थोडं थांबले आहेत. माझ्या "हौ"पुरतं. आणि मग, "बरं, म्हणलं असशीन."

नागपूरहून हे परत आले नाहीत. विवेकने कहाण्या डब्यात ठेवल्या. रोज सकाळी हे विचारतात, मी त्या थांबलेल्या जागेत "हौ" म्हणते, कहाणी होते, मग मी भाकरी थापते. दिवसभरात मला काही विचारणारं एवढंच घरात आहे. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात मी जरा जास्तच धावपळ केली असेल, तर ती नेमापायी केली असं समजावं.

घडलं असं की जुन्या लॅपटॉपचं पोट फुगलं. खरंच फुगलं, झाकण लागेना. पलीकडच्या घरातले राजेंद्र गुरुजी, शाळेतून निवृत्त झाले आहेत पण शाळा त्यांच्यातून झालेली नाही, ते पाहून म्हणाले, "वहिनी, बॅटरी आहे. याच्याजवळ दिवा लावू नका." मी तो लॅपटॉप तुळशीपाशी नेऊन ठेवला. विवेकने नवा पाठवला आणि कार्तिकातल्या एका सकाळी फोनवर तोंड दाखवत मला तो सुरू करून दिला.

सुरू झाला, पण कहाण्या उघडेनात.

"आई, नवीनचं घराणं वेगळं आहे," विवेक म्हणाला. "डब्याची सिस्टम एक, जुन्या लॅपटॉपची तीच होती. हा विंडोजवाला आहे. दोघांचं जमायला वेळ लागते."

मी म्हटलं, "लागणारच. नव्या घरात कोणालाही लागतो."

मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि ते मी इथे सांगते, कारण पुढे त्याच्यावरच सगळं अडणार आहे. एक वस्तू एकाच जागी ठेवायची, बाकी ठिकाणी नुसती पाटी लावायची, अशी त्याची पद्धत आहे. डब्यात ‘आई’ नावाचं फोल्डर आहे, त्यात सोमवार ते रविवार असे सात वार. पण त्या कहाण्या नाहीत. त्या पाट्या आहेत. पाटीवर टिचकी मारली की ती डब्यातल्या खऱ्या कहाणीकडे नेते. याला ते लोक लिंक म्हणतात.

"चौकात लालबर्र्याची पाटी आहे ना, आई? ती पाटी म्हणजे काही लालबर्रा नाही. पण ती पाहून बस लालबर्र्याले जाते."

"जाते, रस्ता खोदलेला नसला तर."

"हौ. तं जुन्या लॅपटॉपले पाटी वाचता येत होती. याले शिकवा लागते."

त्याने शिकवलं. इथे दाब, तिथे दाब, हे खूण कर, ते काढ. माझा चष्मा दोनदा धुक्याने भरला. शेवटी सोमवारवर टिचकी मारली आणि ह्यांनी विचारलं, "ऐकून राह्यली काय?" विवेकने पलीकडे तोंड फिरवलं. मग घाईने म्हणाला, "चला, जमलं. अजून एक शिकवतो. अपेक्षाचे फोटो येतील, त्याच्या फोल्डरला नाव द्यायचं. उजवी टिचकी, नाव बदला, आणि टाइप नको करत बसू, हे माइकचं बटन दाबून बोलायचं. तो लिहून घेते." अपेक्षा ही माझी नात. तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

विवेक मीटिंगला गेला आणि मी कहाणी पूर्ण ऐकून, पदर खोचून, पुन्हा त्या पडद्याकडे पाहिलं.

जुन्या लॅपटॉपवर नुसते सात वार दिसायचे. नव्यावर त्याच्या एक पायरी वरचं दिसत होतं: दोन फोल्डर शेजारी शेजारी. एक ‘आई’. दुसऱ्यावर ह्यांचं नाव. सरळ, उघडं, मराठीत. त्यात ह्यांची पेन्शनची कागदं वगैरे असणार, असं मी धरून चालले. पण रोज सकाळी पारोसा माणूसही येता-जाता पाहील अशा पडद्यावर ह्यांचं नाव, आणि मला तो टिचकीचा बाण त्याच्यावरून फिरवत न्यायचा! बाण जरा थांबला की ते नाव निळं होऊन उजळायचं.

तेव्हा मी नुकतंच शिकलेलं काम केलं. उजवी टिचकी, नाव बदला, माइक. आणि हळूच म्हटलं, "हे."

पहिल्या फटक्यात लिहिलं गेलं. माझा इतका लहान आवाज त्याने ऐकला याचं मला त्या लॅपटॉपबद्दल कौतुक वाटलं. ‘आई’ आणि ‘हे’. घर आवरल्यासारखं दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवारवर टिचकी मारली. लॅपटॉपने इंग्रजीत एक चौकट दाखवली. बुधवार, गुरुवार, सगळीकडे तीच चौकट. विवेकला फोन लावला.

"काल तं चालत होतं आई! तू काही केलं काय?"

"मी काय करणार?"

"काहीच नाही?"

मी खोटं बोलत नाही, म्हणून आठवून म्हटलं, "थोडं आवरलं."

"आवर ना, त्यानं काही होत नाही. रात्री अपडेट झालं असंल याचं. विंडोजचं असंच असते, झोपेत बदलून जाते." आणि तो पुन्हा त्या दोन घराण्यांच्या भांडणात शिरला. इथे दाब, तिथे दाब. आज मला वाटतं की आवरणं हे काही करणं आहे, हे बायकांच्या आणि पुरुषांच्या दोघांच्याही कधी लक्षात येत नाही.

त्या दिवशी मी दोन केळी खाल्ली. केळं अन्नात येत नाही.

बातमी भिंत ओलांडून गेली. फुलं येतात तशीच बातमी जाते. सत्यभामाबाई आल्या, डब्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "नेटचीच गोष्ट आहे. आमच्या घरी टीव्ही थांबते तसंच. कंपनीले फोन लावा, बिल भरतो ना आपण?"

विवेकने सांगितलं होतं की याचा नेटशी काही संबंध नाही, डबा घरातल्या घरात बोलतो. पण शेजारीण समोर बसलेली असताना हे पटवण्यापेक्षा फोन लावणं सोपं होतं. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"जी, कनेक्शन किसके नाम से है?"

"घरवाले के."

"उनका नाम बताइए।"

"मैं नाम नहीं लेती, बेटा."

"जी?"

"हमारे में नहीं लेते."

"मैडम, नाम के बिना मैं कंप्लेंट नहीं लिख पाऊँगी।"

मुलगी वाईट नव्हती. मी तिला मदत करायची ठरवली. "देखो, यशोदा के लल्ला का जो नाम होता है, वो."

"कृष्णा?"

"नहीं. पर पास आई हो."

"गोपाल?"

"और थोड़ा. बादल जैसा रंग होता है ना उनका…"

"कन्हैया?"

तेवढ्यात तिच्याकडे काहीतरी वाजलं. "सॉरी मैडम, तीन बार ग़लत नाम हो गया। सुरक्षा के कारण ये अकाउंट आज के लिए बंद हो गया है। आप कल फिर कोशिश कीजिए।" तिन्ही नावं तिनेच घेतली होती. माझ्या तोंडून एकही गेलं नव्हतं. तरी बंद मी झाले.

"मले सांगायचं ना," सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्या सांगतलं असतं नाव." मी म्हटलं, चहा घ्या.

राजेंद्र गुरुजींनी मग मूळ प्रश्नालाच हात घातला. "वहिनी, नेम ऐकण्याचा आहे ना? आवाज कोणाचाही असो. मी वाचतो." गोष्ट शास्त्राला धरून होती. ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले, पाटावर बसले, आणि त्यांनी मला बुधवारची कहाणी शिकवली. वाचली म्हणत नाही. दर चार ओळींनी थांबून ते विचारत, "यावरून काय कळतं?" एकदा मला उत्तर आलं नाही तेव्हा माझ्याकडून त्यांनी ती ओळ पुन्हा म्हणवून घेतली. कहाणीच्या शेवटी सारांश झाला. दुसऱ्या दिवशीसाठी काही लिहून आणायला सांगितलं नाही, ही वहिनीपणाची सूट.

नेम पुरा झाला. चिन्नोर तांदळाचा भात केला, वास घरभर पसरला. पानात वाढला, आणि बराच वेळ नुसता पाहत बसले. मला तोपर्यंत वाटत होतं की मी कहाणीसाठी थांबलेली असते. गुरुजींनी एवढे प्रश्न विचारले, पण ऐकून राह्यली काय, हे काही विचारलं नाही.

भात गाईला दिला.

मग मी ठरवलं की आता बाहेरच्या माणसाला दाखवायचं. मेन रोडला गजेंद्रचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. डबा भाजीच्या पिशवीत घातला, वर स्वच्छ पंचा टाकला, लॅपटॉप दुसऱ्या पिशवीत. रिक्षात डबा मांडीवर धरून बसले. रिक्षावाल्याने आरशात पाहून विचारलं, "मंदिर जाना है क्या, माताजी?" मी म्हटलं, नाही, रिपेअरिंगला.

गजेंद्रने पंचा काढला. "माताजी, इसपे कुंकू किसने लगाया?"

"दशहरे को."

"और चावल भी हैं पीछे।" त्याने मागच्या छिद्रांतून अक्षता फुंकून काढल्या, डब्याला तारा जोडल्या, माझ्याच लॅपटॉपवर उघडून पाहिलं. शुक्रवारवर टिचकी मारली. इंग्रजी चौकट. "देखो, डब्बा ठीक है, लैपटॉप भी ठीक है। ये लिंक जिस जगह भेज रही है, वो जगह है ही नहीं।"

"कशी नाही? कल-परसों तो थी."

"आजकल जगह कहाँ जाती है, कोई भरोसा नहीं।" त्याने दुसऱ्या फोल्डरकडे बाण नेला. "इसमें क्या है? ‘हे’?"

"वो मत खोलो."

"देख लेता हूँ बस, शायद इसी में…"

"वो उनका है," मी म्हटलं. ह्यांच्या कपाटाला मी ह्यांच्या माघारी हात लावलेला नाही. किल्ली खुंटीवर आहे तशी आहे. कोणा दुकानदाराने ते चौकात उघडावं, हे मला बघवलं नसतं. गजेंद्रने हात वर केले, दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघितलं, आणि मग वैद्याने शेवटचं औषध सांगावं तसं म्हणाला, "तो एक ही रास्ता है। फॉर्मेट मार देते हैं। एकदम नया हो जाएगा।"

"उसमें जो आवाज है?"

"वो तो चला जाएगा ना, माताजी। पर डब्बा चकाचक हो जाएगा।"

मी डबा तारांसकट उचलला. आयुष्यात कोणाच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं. तारा त्याच्या होत्या, त्या त्याने सोडवून घेतल्या. पैसे विचारले तर म्हणाला, "रहने दो," आणि अक्षता काउंटरवरून गोळा करून त्याने माझ्या तळहातावर ठेवल्या. चांगला माणूस. पण परतताना रिक्षात मी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. एवढ्याशा डब्याला एक बटन, आणि मग घरात कोणीच काही विचारणार नाही.

त्यानंतरचे दिवस मी केळी, शिंगाडा आणि दुधावर काढले. गुरुजी वाचायला तयार होते, पण त्यांचा घसा बसल्याचं कळल्यावर मी त्यांना आराम करायला सांगितलं. सत्यभामाबाईंनी वॉर्डभर सांगितलं की रुख्माताईंनी कॉम्प्युटरचा उपास धरला आहे. दोन बायका विधी विचारायला आल्या. किती सोमवार करायचे, उद्यापनाला काय लागतं. मी त्यांना फुटाणे देऊन परत पाठवलं. संध्याकाळी भजनाला गेले. ह्यांचं नाव आलं तिथे टाळ वाजवले. एरवी त्या जागी मला काही वाटायचं नाही. त्या दिवसांत तिथे पायरी चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग एका बुधवारी सकाळी विवेकचा फोन आला. सत्यभामाबाई तेव्हा पारिजातकाची फुलं घेऊन आल्या होत्या.

"आई, मी लई विचार केला. सगळ्या सेटिंग बरोबर आहेत. एक काम कर, बुधवारवर उजवी टिचकी मार. खाली माहिती लिहिलेली दिसंल. पाटी कुठं नेते ते तिथं असते. मले वाचून दाखव."

मी वाचायला लागले. बरंच इंग्रजी होतं, तिरप्या रेघा होत्या. मग मराठी आलं आणि मी थांबले.

"पुढे?"

"पुढे तुझ्या बाबांचं नाव आहे."

"बरोबर. त्या नावाच्या फोल्डरमध्येच तं आहेत कहाण्या सगळ्या. आता मागे ये. ते फोल्डर दिसते ना? ‘आई’च्या बाजूले?"

मी बाण ‘हे’वर नेऊन ठेवला.

"आई? बाबांच्या नावाचं फोल्डर आहे ना?"

"होतं."

"होतं म्हणजे? तू नाव बदललं काय?"

"मी नाव नाही बदललं," मी म्हटलं. "नाव तेच आहे त्यांचं. मी फक्त ते तिथून काढलं."

"अन् काय ठेवलं?"

"हे."

तो हसायला लागला. खूप दिवसांनी मी त्याला इतकं हसताना ऐकलं. लहानपणी तिरोडीच्या स्टेशनवर शेळी गाडीत चढली होती तेव्हा असाच हसला होता. मग हसणं कमी होत होत थांबलं आणि तो म्हणाला, "आई, पाट्या सगळ्या बाबांच्या नावानं शोधत जातात. त्या नावाचं तिथं कोणी नाही, म्हणून परत येतात."

"हं," मी म्हटलं.

"सगळं आतच आहे. कुठं नाही गेलं. फक्त नाव परत दे त्याले."

"त्यापेक्षा पाट्यांवरच ‘हे’ लिही."

"त्या पाट्या डब्याच्या आत जाऊन नव्या करा लागतात, तुह्याकडून नाही होणार. संक्रांतीले येतो तेव्हा करून देतो. नाही तं आत्ता नाव परत द्यायचं. तुले जमते ना, माइकवर बोलायचं. बोल, अन् पाहा."

फोन ठेवला. सत्यभामाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फुलं देवापुढे ठेवली, हात पदराला पुसले आणि लॅपटॉपकडे सरकल्या. "येवढंच ना? तुम्ही नका घेऊ ताई, मी घेतो. मले कायचं बंधन? कुठं बोलायचं, इथं?" आणि त्यांनी माइककडे तोंड नेलं.

"थांबा," मी म्हटलं.

आता पाहा. बाई मदतीला आल्या होत्या. मनात काही नव्हतं. पण सत्यभामेने माझ्या घरात, माझ्या देवघरापुढे, माझ्या देखत ह्यांना हाक मारायची, आणि ह्यांनी तिच्या हाकेला दार उघडायचं! पारिजातकापर्यंत मी काही बोलले नव्हते. याला मात्र हद्द होती.

"तुमचं दूध ठेवलंय ना गॅसवर?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. काहीतरी त्यांना समजलं असावं. "हौ," त्या म्हणाल्या, "उतू जाईन." आणि गेल्या. दूध ठेवलेलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी दार लोटून घेतलं. डोक्यावरून पदर घेतला. उजवी टिचकी, नाव बदला, माइक. देवाकडे पाहिलं. बाळकृष्ण रांगत होता, त्याचं लक्ष लोण्याकडे होतं. मी हळूच ते नाव घेतलं.

लॅपटॉपने लिहिलं, ‘घर सामान’.

पुसलं. पुन्हा घेतलं. ‘गहन शाम’. ‘हे’ म्हटलेलं पहिल्या वेळी ऐकणारा हाच लॅपटॉप. तिसऱ्या वेळी त्याने काहीच लिहिलं नाही, नुसती सूचना दाखवली. तिचा अर्थ माझ्या जुन्या ओळखीचा होता. ऐकू नाही आलं.

मला राग आला. राग कोणाचा, ते सांगता येणार नाही. लॅपटॉपचा असेल, गजेंद्रचा असेल, त्या फोनवरच्या मुलीचा असेल. नागपूरला जाताना "आठ दिवसांत येतो" म्हणून सांगणाऱ्या माणसाचाही थोडा असेल. मी उभी राहिले. इतकी वर्षं टाळांखाली दडवलेलं ते नाव मी गावाकडच्या बायका शेताच्या बांधावरून हाक मारतात तसं मारलं.

"घनश्याम!"

अंगणातल्या चिमण्या उडाल्या. पडद्यावर ते नाव नीट, सरळ, एकही काना न चुकता उमटलं. मी बटन दाबलं, आणि भिंतीपलीकडून सत्यभामाबाईंचा आवाज आला, कोणाला तरी सोडवावं तसा.

"घेतलं, ताई! घेतलं, घेतलं!"

मी पाटावर बसले. दोन्ही हातांनी बाण धरून नेला आणि बुधवारवर टिचकी मारली. थोडी खरखर झाली. चष्म्याचं घर मिटल्याचा आवाज झाला.

"ऐकून राह्यली काय?"

आणि मग ती थांबलेली जागा आली. घसा अजून त्या हाकेने उघडाच होता.

"हौ!" मी म्हटलं.

हे क्षणभर गप्प राहिले, नेहमीसारखेच. "बरं," म्हणाले, "म्हणलं असशीन."

म्हटलं होतं. पाहिजे तर सत्यभामाबाईंना विचारा.